प्राग नगरी आणि प्रवाशाचा कॅमेरा

प्रवासाहून परतणारा मनुष्य पूर्वीं घरच्या मंडळींसाठीं एखादी वस्तु, थोडा खाऊ आणि पुष्कळशा गोष्टी घेऊन येत असे. आज तो हजार-दोन हजार छायाचित्रें घेऊन येतो. खिशांतील दूरध्वनींतच कॅमेरा येऊन बसल्यापासून चित्र काढण्यास पैसा पडत नाहीं आणि श्रमही पडत नाहींत. आणि जें फुकट मिळतें तें जपून वापरण्याची बुद्धि माणसाला क्वचितच होते. परिणाम असा होतो कीं, घरीं आल्यावर हीं हजार चित्रें कोणी पाहत नाहीं. पाहिलींच तर त्यांत काढणाराचा चेहरा मोठा व मागचें शहर लहान असतें, आणि तें शहर कोणतें हें पुन्हां तोंडानें सांगावें लागतें. यासाठीं एखादें प्राचीन शहर उदाहरणादाखल घेऊन, तेथें चित्र घेण्यायोग्य स्थळें कोणतीं, त्या स्थळीं कोणत्या प्रहरीं उभें राहावें, आणि मुख्यतः डोळ्यांसमोर जें दिसत आहे तें काय आहे, याचा थोडा विचार करणें उपयुक्त होईल. या कामीं चेक प्रजासत्ताकाची राजधानी जी प्राग नगरी, तिच्याइतकें योग्य उदाहरण क्वचितच सांपडेल.

प्राग हें शहर व्हल्टावा नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेलें आहे. नदी दक्षिणेकडून येते, शहराच्या मध्यभागांतून उत्तरेकडे वाहते आणि पुढें पूर्वेकडे वळण घेते. पश्चिम तीरावर हराडचनी नांवाची टेकडी असून तिच्या माथ्यावर राजवाडा व सेंट व्हिटसचें भव्य कॅथीड्रल आहे. टेकडीच्या पायथ्याशीं ‘माला स्ट्राना’ म्हणजे धाकटें नगर पसरलेलें आहे. पूर्व तीरावर जुनें नगर व त्याला लागून नवें नगर. नवें म्हणावयाचें तें केवळ नांवापुरतें. कारण चौथा चार्ल्स राजा यानें तें १३४८ सालीं वसविलें. दुसऱ्या महायुद्धांत मध्य यूरोपांतील कित्येक शहरें बेचिराख झालीं, पण प्रागचा बहुतेक भाग त्यांतून वांचला. त्यामुळें सहाशें-सातशें वर्षांच्या शिल्पाचे थर येथें एकाच दृष्टिक्षेपांत दिसतात. १९९२ सालीं युनेस्कोनें या जुन्या भागाचा जागतिक वारशांत समावेश केला.

या भूगोलांतच छायाचित्रकाराचा पहिला धडा आहे. सकाळचा सूर्य पूर्वेस, म्हणजे जुन्या नगराच्या पाठीमागें उगवतो व त्याचीं किरणें समोरच्या राजवाड्यावर पडतात. म्हणून सकाळीं पूर्व तीरावर उभें राहून पश्चिमेकडे पाहावें. संध्याकाळीं याच्या उलट करावें. पश्चिमेकडील टेकड्यांवर चढावें आणि खालीं पसरलेल्या नगराकडे, तांबड्या कौलांकडे व शेंकडों मनोऱ्यांकडे पाहावें. सूर्य पाठीशीं ठेवावा हा जुना नियम येथें साऱ्या शहरालाच लागू पडतो. ऋतूचाही विचार अवश्य करावा. प्राग सुमारें पन्नासाव्या अक्षांशावर असल्यामुळें तेथील दिवसमान आपल्याकडच्यापेक्षां फारच कमीजास्त होतें. जून महिन्यांत सूर्य घड्याळाच्या पांच वाजण्यापूर्वींच उगवतो आणि रात्रीं नऊ वाजून गेल्यावर मावळतो. डिसेंबरांत तो आठाच्या सुमारास उगवून चार वाजतां मावळतो. ज्यास पहाटे उठण्याचा कंटाळा आहे त्यानें हिवाळ्यांत जावें हें बरें. मात्र थंडी सोसण्याची तयारी असावी.

पहिलें स्थळ अर्थातच चार्ल्स पूल. १३४२ सालच्या महापुरानें जुना ज्यूडिथ पूल वाहून गेल्यावर चौथ्या चार्ल्सनें १३५७ सालीं या नव्या दगडी पुलाचा पाया घातला. पूल सुमारें ५१६ मीटर लांब असून त्यास सोळा कमानी आहेत, आणि त्याच्या दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे व पुतळ्यांचे समूह उभे आहेत. त्यांपैकीं बहुतेक अठराव्या शतकाच्या आरंभीं बसविण्यांत आले. दिवसां या पुलावर माणसांची इतकी दाटी होते कीं, पुतळ्यांपेक्षां टोप्याच अधिक दिसतात. पहाटे मात्र तेथें झाडू मारणारा, कामावर निघालेला एखादा मनुष्य आणि नदीवरचें धुकें यांखेरीज कोणी नसतें. त्या वेळीं जुन्या नगराच्या बाजूनें पुलावर शिरून पश्चिमेकडे पाहिलें असतां, पुतळ्यांच्या दोन काळ्या रांगांच्या शेवटीं उजळत जाणारा राजवाडा दिसतो. मग पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन मागें वळावें. जुन्या नगराचा पूलबुरूज उगवत्या सूर्यासमोर काळ्या आकृतीसारखा उभा असतो. एकाच जागीं केवळ तोंड फिरविल्यानें दोन निराळीं चित्रें मिळतात.

पुलावरील पुतळ्यांविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पूल पूर्व-पश्चिम असल्यामुळें उत्तरेकडील कठड्यावरच्या पुतळ्यांचीं तोंडें दक्षिणेकडे आहेत. दिवसाच्या बहुतेक भागांत त्यांच्या चेहऱ्यांवर ऊन असतें आणि कोरीव कामाची रेषान् रेषा दिसते. दक्षिणेकडील रांग छायेंत राहते. तिचें चित्र घेतांना चेहऱ्याचा आग्रह सोडावा आणि आकाशासमोर उमटणाऱ्या आकृतीवर समाधान मानावें.

या छायेंतील रांगेंत, जुन्या नगराकडून चालूं लागल्यावर डाव्या हाताचा पांचवा समूह, मराठी माणसानें थांबून पाहण्यासारखा आहे. तो सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा. ज्यांचें शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बॅसिलिकेंत ठेवलेलें आहे तेच हे साधु. फर्डिनांड मॅक्सिमिलियन ब्रोकॉफ या शिल्पकारानें १७११ सालीं हा समूह घडविला. पूर्वेकडील निरनिराळ्या देशांचे लोक साधूला खांद्यावर धरून उभे आहेत अशी त्याची रचना असून त्यांत एक भारतीयही आहे. व्हल्टावेच्या कांठच्या त्या शिल्पकारानें भारतीय मनुष्य कसा कल्पिला हें पाहणें कौतुकाचें आहे आणि विचार करावयास लावणारेंही आहे. धर्मप्रसारकाच्या भाराखालीं वांकलेला तो मनुष्य स्वतःविषयीं काय सांगेल, हें शिल्पकारानें विचारलेलें नाहीं. १८९० सालच्या सप्टेंबरांत आलेल्या महापुरांत वाहून आलेल्या लाकडांच्या ओंडक्यांनीं पुलाच्या तीन कमानी ढासळल्या, आणि हा समूह व त्याच्या समोरचा सेंट इग्नेशियस यांचा समूह नदींत पडला. झेवियर यांची प्रतिकृति १९१३ सालीं पुन्हां बसविली गेली. इग्नेशियस मात्र परतले नाहींत. त्यांच्या जागीं १९३८ पासून सिरिल व मेथोडियस हे दोन स्लाव्ह साधु उभे आहेत. म्हणजे पुलाचें आजचें चित्र आणि १८९० पूर्वींचें छायाचित्र शेजारीं ठेवलें तर तीं एकसारखीं दिसणार नाहींत. प्रागमध्यें चित्र घेणारानें ही गोष्ट दिवसभर मनांत वागवावी. तेथें जें दिसतें त्याच्याइतकेंच महत्त्व जें नाहींसें झालें त्यालाही आहे.

पूल स्वतः नीट पाहावयाचा तर त्याच्यावरून उतरलें पाहिजे. डोलींत बसलेल्यास डोली दिसत नाहीं. जुन्या नगराच्या तीरावर पुलाच्या किंचित् दक्षिणेस नोव्होत्नी लाव्का नांवाची एक चिंचोळी जागा नदींत शिरलेली आहे. संगीतकार स्मेताना यांचें संग्रहालय तेथेंच आहे. तेथून पुलाच्या कमानी, पाण्यांतील त्यांचीं प्रतिबिंबें आणि वर राजवाडा असें सर्व एका चौकटींत येतें. पलीकडील तीरावर पुलाखालीं कांपा नांवाचें बेट आहे. धाकट्या नगराला त्या बेटापासून वेगळें करणारा चेर्तोव्हका, म्हणजे ‘सैतानी’ नांवाचा ओढा घरांच्या भिंती चाटीत वाहतो, आणि त्यावर जुन्या गिरणीचें एक लांकडी चाक अजून आहे. भव्य दृश्यांनीं डोळे दिपले म्हणजे विश्रांतीसाठीं हें स्थळ उत्तम.

दिवस वर आला म्हणजे नदीकांठ सोडून जुन्या नगराच्या चौकांत जावें. अरुंद गल्ल्यांतून चौकाकडे जातांना ऊन केवळ मध्यान्हींच खालपर्यंत पोंचतें, म्हणून या भागासाठीं दुपारची वेळ राखून ठेवणें सोयीचें. चौकांत टीन चर्चचे दोन टोकदार मनोरे आहेत आणि नगरभवनाच्या भिंतीवर जगप्रसिद्ध ज्योतिषविषयक घड्याळ आहे. कादान गांवच्या मिकुलाश नांवाच्या घड्याळजीनें तें १४१० सालीं केलें. त्यावर तास तर दिसतातच. शिवाय सूर्य व चंद्र राशिचक्रांत कोठें आहेत हेंही दिसतें, आणि ज्यांस पंचांगाचा परिचय आहे त्यांस तें पाहून विशेष आनंद होईल. सकाळीं नऊपासून रात्रीं अकरापर्यंत दर तासाला दोन खिडक्या उघडतात व बारा शिष्यांच्या मूर्ति एकामागून एक सरकत जातात. त्याच वेळीं घड्याळाशेजारचा मृत्यूचा सांगाडा घंटेची दोरी ओढतो. आणि हातांत आरसा घेतलेला गर्विष्ठ, थैली धरलेला कृपण व तिसरा तुर्क असे तिघेही ‘अजून नाहीं’ अशा अर्थानें माना हालवितात.

हा देखावा एक मिनिटाच्या आंत संपतो. त्या मिनिटांत शेंकडों हात वर होऊन शेंकडों कॅमेरे घड्याळाकडे रोखले जातात, आणि सर्वांना एकच चित्र मिळतें. शहाण्यानें पहिला तास नुसता डोळ्यांनीं पाहावा. दुसऱ्या तासाला घड्याळाकडे पाठ करून गर्दीकडे पाहावें; सांगाड्यानें घंटा वाजविली असतां हंसत वर पाहणाऱ्या माणसांचा तो समुदाय हेंच त्या स्थळाचें खरें चित्र आहे. त्यानंतर नगरभवनाच्या मनोऱ्यावर चढावें, म्हणजे चौकाची संपूर्ण रचना ध्यानीं येते.

या मनोऱ्याजवळ मोकळी जागा व झाडें दिसतात. तेथें पूर्वीं नगरभवनाचा पूर्वेकडील मोठा भाग उभा होता. १९४५ सालच्या मे महिन्यांत जर्मन सत्तेविरुद्ध प्रागच्या नागरिकांनीं उठाव केला. त्या उठावाच्या शेवटच्या दिवशीं, ८ मे रोजीं, तो भाग तोफांच्या माऱ्यानें पेटला. ज्योतिष-घड्याळही जळालें, तें दुरुस्त होऊन १९४८ मध्यें पुन्हां चालूं झालें. जळालेला भाग मात्र पुन्हां बांधला गेला नाहीं. त्याच्या शेवटीं उरलेला भिंतीचा तुकडा अजून तेथें आहे. प्रवासी हिरवळीवर बसून घड्याळाचीं चित्रें पाहतात. ज्या जागीं ते बसले आहेत तीच एक जखम आहे, हें त्यांच्या गांवीं नसतें. जवळच फरसबंदींत सत्तावीस पांढरे क्रूस बसविलेले आहेत. २१ जून १६२१ रोजीं हॅब्सबर्ग सत्तेविरुद्ध बंड केल्याबद्दल सत्तावीस पुढाऱ्यांना या चौकांत देहान्त शिक्षा झाली, त्याची ही खूण. वर मान करून चित्रें घेणाऱ्याला हे क्रूस दिसत नाहींत, त्यासाठीं मान खालीं घालावी लागते.

चौकाच्या उत्तरेस थोड्या अंतरावर योझेफोव्ह नांवाचा ज्यूंचा जुना मोहल्ला लागतो. वास्तविक आज तेथें दिसते ती पॅरिसच्या धर्तीची रुंद सडक व उंच इमारती. आरोग्यसुधारणेच्या नांवाखालीं १८९३ च्या कायद्यान्वयें हा मोहल्ला पाडण्याचें ठरलें आणि १८९६ पासून तेथील बहुतेक घरें, बोळ व अंगणें जमीनदोस्त करण्यांत आलीं. सहा सिनेगॉग, ज्यूंचें नगरभवन व जुनें कबरस्थान एवढें राहिलें. पाडापाड होण्यापूर्वीं यिंद्रिख एकर्ट या छायाचित्रकारानें त्या गल्ल्या फिरून त्यांचीं चित्रें घेऊन ठेवलीं. मोडके जिने, वाळत घातलेले कपडे, दारांत उभीं असलेलीं मुलें. त्या वेळच्या कोणा सहलकऱ्यास तीं सुंदर वाटलीं नसतीं. आज तो मोहल्ला पृथ्वीवर नाहीं आणि एकर्टचीं चित्रें आहेत.

कबरस्थानांत पंधराव्या शतकापासून १७८७ पर्यंत दफनें झालीं. जागा अपुरी पडल्यामुळें मातीचे थर एकावर एक चढविले गेले. सुमारें १२,००० शिळा एकमेकींना टेकून वांकड्यातिकड्या उभ्या आहेत, आणि त्यांवर येणाराजाणारानें ठेवलेले लहान खडे दिसतात. येथें पुरुषांनीं डोकें झांकावें अशी चाल आहे. शिळांवर झाडांच्या पानांतून उतरणारा उजेड चित्राला फार अनुकूल असतो. परंतु त्याला लागूनच असलेल्या पिंकास सिनेगॉगमध्यें शिरतांना कॅमेरा पिशवींत घालावा हें उत्तम. बोहेमिया व मोराव्हिया या प्रांतांतील जे जवळजवळ ८०,००० ज्यू नाझींच्या हातून मारले गेले, त्यांचीं नांवें तेथें भिंतींवर हातानें लिहिलेलीं आहेत. आणि वरच्या दालनांत तेरेझीन येथील बंदिवासांत लहान मुलांनीं काढलेलीं चित्रें आहेत. नांवांची भिंत ही कोणाच्या पाठीमागचा पडदा नव्हे. तेथें उभें राहून एखादें तरी नांव पुरतें वाचावें आणि पुढें जावें. प्रत्येक सुंदर किंवा हृदयद्रावक गोष्ट चित्रांत पकडलीच पाहिजे असा नियम नाहीं. हें ज्याला कळलें त्याचा हात पुढच्या चित्राच्या वेळीं अधिक स्थिर होतो.

येथून नव्या नगरांत गेलें कीं व्हेन्सेस्लास चौक येतो. नांव चौक असलें तरी तो सुमारें पाऊण किलोमीटर लांबीचा चढता रस्ता आहे. वरच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालय व त्याच्या पुढें घोड्यावर बसलेल्या सेंट व्हेन्सेस्लासचा पुतळा आहे. रस्त्याच्या मधोमध थोडें खालीं उभें राहिल्यास पुतळा व संग्रहालयाचा घुमट एका रेषेंत येतात. चित्र म्हणून हें साधें आहे. पण या रस्त्यानें छायाचित्रणाच्या इतिहासांत एक प्रकरण लिहिलें आहे. २० ऑगस्ट १९६८ च्या रात्रीं सोव्हिएत रशिया व त्याच्या मित्रराष्ट्रांचीं सैन्यें चेकोस्लोव्हाकियांत घुसलीं. योझेफ कौडेल्का हा तीस वर्षांचा छायाचित्रकार पुढील आठवडाभर रणगाड्यांच्या व नागरिकांच्या मधून हिंडत होता. त्याच्या एका चित्रांत पुढें एक हात व मनगटावरचें घड्याळ आहे, आणि मागें हाच चौक निर्मनुष्य पसरलेला आहे. हीं चित्रें गुप्तपणें देशाबाहेर गेलीं व १९६९ सालीं आक्रमणाच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास परदेशांत छापलीं गेलीं. खालीं नांवाऐवजीं ‘पी. पी.’, म्हणजे प्रागचा छायाचित्रकार, एवढींच अक्षरें होतीं. घरच्या माणसांवर संकट येऊं नये म्हणून त्यानें वडिलांच्या मृत्यूपर्यंत आपलें नांव उघड केलें नाहीं. तें १९८४ सालीं जगाला कळलें. ज्या चित्रांसाठीं मोठें पारितोषिक मिळालें तीं आपलीं आहेत असें म्हणण्याची त्याला पंधरा वर्षें सोय नव्हती. आज त्याच जागीं उभा राहून जो प्रवासी निर्धास्तपणें कॅमेरा उचलतो, त्यानें ही निर्धास्तता कोठून आली याचें स्मरण ठेवावें.

दुपार कलूं लागली म्हणजे नदी ओलांडून राजवाड्याच्या टेकडीवर जावें. सेंट व्हिटसच्या कॅथीड्रलचा पाया १३४४ सालीं घातला गेला आणि तें पूर्ण झालें १९२९ मध्यें. म्हणजे पावणेसहाशें वर्षांहून अधिक काळ तें अपुरेंच उभें होतें. दक्षिण दरवाजावर चौदाव्या शतकांतील रंगीत कांचतुकड्यांचें भव्य चित्र आहे, तें ऊन पडलें असतांना पाहावें. आंत उत्तरेकडील एका खिडकीवर चित्रकार अल्फोन्स मुखा यांनीं योजिलेलें कांचचित्र आहे. परंतु या मंदिराचें सर्वांत सुंदर दर्शन ज्यानें जगाला घडविलें तो छायाचित्रकार योझेफ सुडेक.

सुडेक हा १८९६ मध्यें कोलीन गांवीं जन्मला. तो मूळचा पुस्तकबांधणीचें काम शिकलेला. पहिल्या महायुद्धांत इटलीच्या आघाडीवर तो जखमी झाला व त्याचा उजवा हात कापावा लागला. बांधणीचें काम दोन हातांचें. तें सुटलें आणि तो छायाचित्रणाकडे वळला. या कॅथीड्रलचें शेवटचें बांधकाम चालूं असतां १९२४ पासून त्यानें तेथें चित्रें घेतलीं. गाड्या, दोरखंड, मातीचे ढीग, आणि त्यांवर उंच खिडकींतून उतरलेला प्रकाशाचा झोत. पंधरा चित्रांचा त्याचा तो संच १९२८ सालीं प्रसिद्ध झाला. देवालय सर्व झाडूनपुसून झाल्यावर मग चित्र घेऊं असें तो म्हणाला असता तर मजुरांच्या ढकलगाडीवर पडलेला तो प्रकाश कायमचा हरवला असता. पुढें एक जड, जुन्या घाटणीचा, रुंद चित्रें घेणारा कॅमेरा तिपाईसह खांद्यावर टाकून तो एका हातानें साऱ्या प्रागभर फिरला, आणि २८४ चित्रांचें त्याचें पुस्तक १९५९ मध्यें निघालें. जर्मनांच्या अमलांत रस्त्यावर कॅमेरा घेऊन हिंडणें धोक्याचें झालें, तेव्हां तो आपल्या कार्यशाळेच्या खिडकीपाशीं बसला, आणि कांचेवरील दंव, पाऊस व बाहेरचें वांकडें झाड यांचींच चित्रें वर्षानुवर्षें घेत राहिला. उयेझ्द रस्त्यावर, टेकडीच्या पायथ्याशीं, त्या कार्यशाळेच्या जागीं आज तिची प्रतिकृति उभी आहे. चित्र घेण्यास चांगली जागा मिळाली नाहीं अशी तक्रार करणाऱ्यानें ती खिडकी एकदां पाहून यावी.

संध्याकाळच्या दृश्यासाठीं तीन स्थळें सांगतां येतील. पहिलें स्ट्राहोव्ह मठाच्या खालचा उतार; तेथून मावळतीचें ऊन डाव्या हाताच्या राजवाड्यावर आणि समोरच्या कौलांवर एकदमच पडलेलें दिसतें. दुसरें पेत्रशीन टेकडीवरचा लोखंडी मनोरा. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून स्फूर्ति घेऊन तो १८९१ सालच्या प्रदर्शनासाठीं उभारला गेला. त्याला २९९ पायऱ्या आहेत, पण वर गेल्यावर सारें शहर नकाशासारखें उलगडतें. तिसरें लेत्ना उद्यान. नदी जेथें पूर्वेकडे वळते त्या वळणावर तें उंच असल्यामुळें व्हल्टावेवरील पूल एकामागें एक मांडलेले दिसतात. प्रागचें सर्वांत परिचित चित्र तें हेंच. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसें येथून शहर अगदीं निर्दोष दिसतें. परंतु ज्या चौथऱ्यावर लोक चित्रें घेण्यास उभे राहतात त्याचीही एक कथा आहे. १९५५ सालीं तेथें स्टॅलिनचा प्रचंड दगडी पुतळा उभारला गेला, आणि सात वर्षांनीं, १९६२ मध्यें, ज्या राजवटीनें उभारला तिनेंच तो सुरुंग लावून उडविला. १९९१ पासून त्या ठिकाणीं ताल मोजणारें एक भलें मोठें लंबकयंत्र बसविलेलें आहे.

सूर्य मावळला म्हणजे पुष्कळ लोक कॅमेरा बंद करून निघून जातात. ही घाई करूं नये. सूर्यास्तानंतर आणि पूर्ण काळोख होण्यापूर्वीं अर्धा तास असा असतो कीं, आकाश गडद निळें होतें, दिवे लागलेले असतात आणि दोहोंचें तेज समसमान भासतें. त्या वेळीं पुन्हां चार्ल्स पुलाशीं यावें. पुलावर आजही ग्यासचे दिवे आहेत. आणि नाताळापूर्वींच्या ॲडव्हेंटच्या दिवसांत जुन्या पद्धतीचा वेष केलेला दिवेवाला हातांत लांब काठी घेऊन ते एकेक करून पेटवीत जातो. अशा मंद प्रकाशांत कॅमेरा हालूं देऊं नये. तिपाई नसल्यास तो कठड्यावर टेकवावा आणि श्वास रोखून धरावा.

सरतेशेवटीं शिष्टाचाराच्या दोन गोष्टी. प्राग हें केवळ प्रदर्शन नव्हे. तेथें माणसें राहतात. कोणाच्या खिडकींत, अंगणांत किंवा प्रार्थनेला बसलेल्या मनुष्यावर कॅमेरा रोखूं नये. चेहरा घ्यावयाचा तर आधीं विचारावें, आणि ‘नको’ म्हटल्यास हंसून नमस्कार करावा. दुसरें असें कीं, घरीं परतल्यावर, आठवण ताजी आहे तोंच, हजारांतून पन्नास चित्रें निवडावींत आणि प्रत्येकाखालीं चार गोष्टी लिहाव्यात : स्थळ, दिनांक, वेळ आणि चित्रांत काय आहे. एकर्टनें घेतलेल्या गल्लीला नांव नसतें तर ती आज कोणतीही पडकी गल्ली ठरली असती. कौडेल्काला स्वतःचें नांव लपवावें लागलें, तरी त्याच्या चित्रांतल्या त्या मनगटावर घड्याळ आहे आणि त्या घड्याळांत वेळ दिसते. ज्या घरापुढें, ज्या झाडाखालीं, ज्या पुतळ्यापाशीं आपण आज निश्चिंतपणें उभे आहोंत तें उद्यां असेलच असें प्रागच्या चौकांतील सांगाडाही कबूल करीत नाहीं. तेव्हां चित्राच्या मागें दोन ओळी लिहिण्याचा आळस कोणीं करूं नये.